रूम खाली करून महिना झाला. मालक ७५ हजार डिपॉझिटमधून रंगाचे २२ हजार कापतोय, बाकीचे 'नवीन भाडेकरू आला की देतो' म्हणतोय. काय करू?

आधीच सांगतो, मी स्वतः घरमालक आहे. बोरिवलीतला आईच्या नावावरचा वन बीएचके आम्ही बरीच वर्षं भाड्याने देतोय. तरीही, तुमच्या मालकाचं दोन्हीकडे चुकतंय.

'नवीन भाडेकरू आला की देतो' हे मुंबईत इतकं सर्रास चालतं की लोकांना तो नियमच वाटायला लागलाय. बहुतेक वेळा तुमचे पैसे केव्हाच कुठेतरी खर्च झालेले असतात आणि पुढच्याकडून घेऊन मागच्याला द्यायचे, असा कारभार असतो. अडचण खरी असेलही, पण ती त्याची. अ‍ॅग्रीमेंट काढा आणि डिपॉझिटचं कलम वाचा. बहुतेक करारांत 'जागेचा ताबा परत देताना बिनव्याजी परत' असंच असतं, नव्या भाडेकरूचा त्यात उल्लेखही नसतो. काही करारांत उशिरासाठी व्याजही लिहिलेलं असतं, तेही बघा.

आता रंग. त्याच करारात 'नैसर्गिक झीज वगळता' असे शब्द आहेत का ते शोधा. माझा आधीचा भाडेकरू ३ वर्षांनी निघाला तेव्हा हॉलच्या भिंतीत टीव्हीच्या ब्रॅकेटची चार भोकं होती, बाथरूमलगत ओलीचा पिवळा पट्टा होता आणि किचनच्या ओट्याचा कोपरा उडालेला. कुकर पडला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. ओट्याचे १,८०० कापले, कारागिराचं बिल त्याला पाठवलं. ओल बाहेरच्या भिंतीतून येते, ती त्याच्या माथी कशी मारणार? आईचं म्हणणं होतं, रंगाचे निम्मे तरी काप. पण ३ पावसाळे गेलेला रंग तो राहिला नसता तरी काढावाच लागला असता. तुमच्या करारात 'जाताना रंग भाडेकरूने करून द्यायचा' असं स्पष्ट लिहून तुम्ही सही केली असेल, तर मात्र मालकाची बाजू जड. तसं नसेल तर बिल मागा. 'अंदाजे २२ हजार' म्हणजे बिल नव्हे.

आणखी एक कापाकापी हळूच घुसवतात: सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं हे शुल्क सोसायटी सदस्याकडून, म्हणजे मालकाकडून घेते, आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. करारात तुमच्यावर टाकले नसतील तर तुमच्या डिपॉझिटशी त्यांचा संबंध नाही.

करार रजिस्टर्ड नसेल तर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. स्टॅम्प ड्युटी वाचवायला डिपॉझिट कागदावर कमी दाखवून उरलेलं रोख घेणारे महाभागही आहेत. त्यांचं गणित मला कधी कळलं नाही. १ लाख डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून त्याच्या ०.२५ टक्के ड्युटी, म्हणजे वर्षाला २५ रुपये! तुम्ही रोख दिलं असेल तर मालकाचे त्याबद्दलचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा.

पोलिसांत गेलात तर बहुधा 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवतील. आधी मालकाला मेसेजवर लिहा: अमुक तारखेला चावी दिली, अमुक रक्कम येणं आहे, १५ दिवसांत द्या. नाही दिले तर वकिलाकडून नोटीस. निम्मे मालक त्या पाकिटालाच जागे होतात. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका.

(अजून रूम सोडायची आहे अशा कुणी हे वाचलं तर: पैसे खात्यात आणि चावी हातात, एकाच वेळी. मात्र मुदत संपल्यावर चावी अडवून बसायचं असेल तर आधी करार नीट वाचा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट भाडं मागू शकतो.)

लाईट बिलासाठी त्याने दोनेक हजार मागे ठेवले तर त्यावर भांडू नका, शेवटचं बिल उशिरा येतंच. निघताना मीटरचा फोटो काढला असेल तर तो आजच त्याला पाठवून द्या.