वाचकांचे प्रश्न : व्हॅम्पायर, वेताळ आणि तळेवाडीची वटवाघळं

प्रश्न : आमच्या वाचनालयात व्हॅम्पायरची पुस्तकं कपाटात कधी सापडतच नाहीत, कुणीतरी नेलेलीच असतात. या गोष्टी अजून का चालतात? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : या रक्त पिणाऱ्या भुताचे नियम पक्के नाहीत, म्हणून. ‘ऊन लागलं की मेला’ हा नियम तुम्हाला पुरातन वाटत असेल, पण १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला उमराव भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो. फक्त दिवसा त्याची शक्ती चालत नाही. उन्हानं मरण आणलं १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटानं. उमरावपणही १८१९ च्या एका इंग्रजी कथेपासूनचं. त्याआधी हा प्राणी म्हणजे सुजलेला, लालबुंद तोंडाचा साधा खेडूत!

त्या खेडुतामागं खरी प्रेतं होती. १७२५ मध्ये सर्बियातल्या एका गावात लागोपाठ माणसं दगावली, तेव्हा लोकांनी आधी वारलेल्या पेटर ब्लागोयेविच या गावकऱ्यावर संशय घेऊन त्याची कबर उकरली. तोंडात रक्त, अंगावर नवी कातडी, नखंही नवी. गावकऱ्यांनी छातीत खुंटी ठोकली आणि प्रेत जाळलं. आज यातलं सगळं उलगडतं. आतड्यातले जंतू वायू करतात, पोट फुगतं आणि तांबूस काळा द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलला जातो. वरची कातडी नखांसकट सुटते, खालची ताजी दिसते. बोटांची कातडी आक्रसली तर नखं वाढल्यासारखी वाटतात. फुगलेल्या छातीत खुंटी घातली की वायू घशातून निघतो. लोकांना तो कण्हण्याचा आवाज वाटायचा. थंड जमिनीत प्रेत सावकाश कुजतं, त्यामुळं संशय आणखी बळावायचा. डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं, अर्थ तेवढा चुकला. अशी भीती सहजी जुनी होत नाही.

प्रश्न : मग आपला वेताळ म्हणजे व्हॅम्पायरच का? – निपाणी

उत्तर : नाही. १८७० मध्ये रिचर्ड बर्टननं वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात ‘व्हॅम्पायर’ घातला, तिथून हा घोळ. त्या कथांतला वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो. राजा बोलला की प्रेत परत झाडावर. रक्ताशी त्याचं काही देणंघेणं नाही. आंबोली घाट उतरून आरवलीला गेलात तर वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो.

प्रश्न : तळेवाडीच्या गुहेतली वटवाघळं रक्त पितात, असं मुलगा शाळेतून ऐकून आलाय. गुरांना धोका आहे का? – खानापूर तालुका

उत्तर : अजिबात नाही. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती, त्याही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच. तीसुद्धा शोषत नाहीत. दातानं कातडीचा बारीक टवका काढून रक्त चाटतात. लाळेमुळं ते गोठत नाही. तळेवाडीजवळच्या, भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत राहतं ते रॉटनचं वटवाघूळ. त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९१३ ची, याच गुहेतली. ते किडे खातं. गुहेत शिरून त्यांना हुसकू नका. वटवाघूळ कुठलंही असो, उघड्या हातानं धरू नये. चावलंच तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजच्या लशीचं विचारा.