गोंदिया जिल्ह्यातून पोरांना घेऊन ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं आहे. कधी आणि कसं जावं?

पोरांना घेऊन जायचं म्हणता, तर फेब्रुवारी-मार्च धरा. आपलं धान चुरून झालेलं असतं आणि तिकडे पक्षी भरपूर असतात. विदर्भ एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, तिथून लोकलने ऐरोली. वनविभागाची बोट तिथूनच सुटते.

पण गाडीचं तिकीट काढायच्या आधी भरतीची वेळ बघा. आम्ही बघितली नव्हती. आपल्या नवेगाव बांध तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्याच हिशेबाने मी आईला घेऊन सकाळी आठला पोचलो. समोर नुसता चिखल. पाणी चढल्याशिवाय बोट निघत नाही, म्हणून दुपारपर्यंत बसून राहिलो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कोणी मागच्या आठवड्याची वेळ सांगितली तर ती धरू नका. बुकिंग करताना बोटीची वेळ विचारून घ्या, मग गाडी ठरवा.

पाणी चढत असतानाची फेरी मिळाली तर सोनं. चिखल बुडत जातो तसे पक्षी उरलेल्या पट्ट्यावर दाटीने गोळा होतात. पूर्ण भरतीला मात्र त्यातले बरेच नेरूळकडच्या पाणथळांवर उडून जातात.

तिथे दोन जातीचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आहेत. धाकटा जास्त, आपल्या सारसाच्या निम्मा असेल. थोरला उंच. त्याच्याकडे दुर्बीण लावून नीट बघा: चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "हा तं चिखलणी करून राहिला." रोवणीआधी बांधीत चिखल तुडवतो, खरंच तेच. तळचा गाळ ढवळून वर आणायचा आणि चोचीतून गाळून घ्यायचा. जवळच वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा उचाट्या दिसला, तर तोही सोडू नका.

2015 साली या खाडीला अभयारण्य केलं, 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. दोन्ही काठांना एवढं शहर असताना हे पाणी टिकलंय, हे पोरांना तिथे उभं करूनच दाखवावं.

कळपात काही करडे पक्षी दिसतील. पोरं विचारतीलच, म्हणून सांगतो: ती लहान पिल्लं. गुलाबी रंग शेवाळासारख्या खाण्यातून चढतो, त्याला दोन-तीन वर्षं लागतात.