परवाना आहे, म्हणून पिस्तूल मिरवावे? वाचकांच्या प्रश्नांना वकिलांची उत्तरे

परवाना हाती आला की शस्त्र मिरवण्याची मुभा मिळाली, हा समज इतक्या पत्रांतून डोकावतो की या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. बाजारात जाताना ते लोकांना दिसेल असे कमरेला लावले तर चालेल का?

नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार ते होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे.

प्रश्न : एक एजंट दोन महिन्यांत परवाना काढून देण्याची हमी देतो. पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी पोलिसांचा अहवाल पाहून निर्णय घेतात. त्या अहवालाची हमी घेणारा एकतर आपल्याला फसवतो आहे किंवा आपल्या नावावर लाच देणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे वरातीत हवेत बार काढण्याची जुनी प्रथा आहे. बंदूक परवान्याची असेल तर हरकत काय?

हवेत सोडलेली गोळी खाली येते, आणि मांडवाच्या कापडाने ती अडत नाही. शस्त्र कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर समारंभात इतरांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रथा जुनी असल्याचा बचाव न्यायालयात चालत नाही.

प्रश्न : मुलाने माझे पिस्तूल हातात घेऊन रील टाकले. पोलिसांनी बोलावले आहे. पिस्तूल रिकामे होते आणि रील काढून टाकले आहे. एवढ्याने प्रकरण मिटेल ना?

मिटेल असे गृहीत धरू नका. परवाना आपल्या नावावर आहे, मुलाच्या नाही. पिस्तूल रिकामे असले तरी ते त्याच्या हाती कसे गेले, हा प्रश्न उरतोच, आणि त्याच्या उत्तरावर त्याच्याविरुद्ध गुन्हा व आपल्या परवान्याचे निलंबन किंवा रद्दीकरण अवलंबून असते. काढून टाकलेल्या रीलची प्रत बहुधा पोलिसांकडे आधीच असते.

पूर्वी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली बारा बोअरची दुनळी कपाटात कुलूपबंद असे, आणि ती चारचौघांत काढणे कमीपणाचे मानले जाई. आता गाडीच्या बॉनेटवर पिस्तूल ठेवून वाढदिवस साजरे होतात (केक कापायला तलवार असतेच) आणि खालच्या शेरेबाजीत त्याला ‘दरारा’ म्हणतात. 2025 च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात अशाच चित्रफिती गाजल्यानंतर प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी करून अनेक रद्द केले. परवाना ही सरकारने कारण तपासून दिलेली सवलत आहे. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये लक्ष वेधले. ‘साहेब ओळखीचे आहेत’ असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून आठवडा घालवू नका. जबाब देण्यापूर्वी, आजच, फौजदारी वकिलाला कागदपत्रे दाखवा.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये एच-1बी व्हिसावर आहे. तिथे उघडपणे पिस्तूल बाळगता येते, असे त्याचे मित्र सांगतात. त्याने घ्यावे का?

मित्रांचे ऐकून मुळीच नाही. 2021 पासून टेक्सासमध्ये 21 वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविना होल्स्टरमधील पिस्तूल उघडपणे बाळगता येते, हे खरे. पण तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला, काही अपवाद सोडल्यास, अमेरिकेचा संघीय कायदाच बंदुकीचा ताबा नाकारतो. मित्राचे पिस्तूल क्षणभर हाती घेणेही त्याच्या अंगाशी येऊ शकते. शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद आपल्याला लागू होतो की नाही, हे त्याने तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्यावे. बंदुकीच्या दुकानातल्या विक्रेत्याकडून नव्हे.