डीओ मीटर आधी तपास
भाऊ, डीओ मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर, तळ्यात ऑक्सिजन कमी दिसला म्हणून लगेच एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) घ्यायला धावू नकोस; मीटरच चुकत असेल. प्रोबच्या, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडवायच्या भागाच्या, टोकावरच्या पातळ पडद्याखाली बुडबुडा असेल तर पडदा आणि आतलं द्रावण बदल. पोलॅरोग्राफिक (चालू केल्यावर स्थिरावायला वेळ घेणारा) प्रोब असेल तर मीटर चालू करून पंधरा मिनिटं थांब. मग ओला स्पंज घातलेल्या बाटलीत प्रोब सैलसर ठेव, टोकावर थेंब नको. आकडा स्थिरावला की मीटर १०० टक्क्यांवर जुळव.

या १०० टक्क्यांना ३० अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, गोड्या पाण्यासाठी ७.५६ मिलिग्रॅम प्रतिलिटर यायला हवेत; पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, ७.१च्या आसपास. मीटरमध्ये हवेचा दाब भरताना मोबाइलवरचा आकडा घेऊ नकोस, तो बहुधा समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. मी नेमका तोच भरायचो! कोळंबीच्या तळ्यात क्षारताही भरावी लागते. ऑक्सिजन नसताना मीटर शून्य दाखवतं का ते तपासायचं तर सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण कर, नंतर प्रोब नीट धू.