मीटर मेलेला चालेल, शटर जिवंत हवं

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन दहा हजार रुपये साठवलेत. त्यातून पहिला फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा (लेन्समधून नव्हे, शेजारच्या खिडकीतून बघायचा) घ्यायचा आहे. तीन जाहिराती बघून ठेवल्यात. कॅननेट क्यूएल१७ जीथ्री, सर्व्हिस केलेला, विकणारा सांगतो १२ हजार, पण दहाला देईल असं वाटतं. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, ‘चालू आहे का माहीत नाही’ असं लिहिलंय, साडेपाच हजार. आणि एक सोनेरी लायका, वर गरुडाचं चिन्ह आहे, ९ हजार. मला एक्स्पोजर स्वतःच्या हाताने लावायला शिकायचंय, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते मीच ठरवायचं; मोबाइलसारखं सगळं आपोआप नको. यातला कोणता घेऊ?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी तो सोनेरी लायका निकालात काढू. तो लायका नाही. लायट्झ या जर्मन कंपनीने १९३२ साली काढलेल्या लायका कॅमेऱ्याची सोव्हिएत नक्कल, म्हणजे फेड किंवा झोर्की. तिच्यावरचं मूळ नाव घासून वर लायका आणि गरुड कोरलेला, आणि सोनेरी मुलामा दिलेला. असे ढिगाने निघतात. नऊ हजारांत खरा लायका कुणी विकत नाही रे बाबा, विकणाऱ्यालाही भाव ठाऊक असतो.

मूळचा फेड मात्र हसण्यावारी न्यायची वस्तू नव्हे. युक्रेनमधल्या खारकीव्हला बेघर मुलांची एक वसाहत होती, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांनी चालवलेली. त्या पोरांनी १९३४ पासून हे कॅमेरे बनवले. ही गोष्ट मला इतकी आवडली होती की त्याच भरात मी एक झोर्की ४ घेतला. या कॅमेऱ्यांचा एक दंडक आहे : आधी फिल्म पुढे ओढून शटर (उजेड आत सोडणारा पडदा) चढवायचं, मगच स्पीडची, म्हणजे ते किती वेळ उघडं राहील याची, चकती फिरवायची. मी तिसऱ्या दिवशी उलटं केलं. आत ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर सगळे स्पीड एकच झाले. दोष पूर्णपणे माझा. पण पहिलाच कॅमेरा असा खोडीचा नको, एवढं त्यातून कळलं. शिवाय त्यांचं शटर कापडी असतं. जुन्या कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि प्रत्येक फोटोत चांदणी दिसते.

आता कॅननेट. सुरेख कॅमेरा. १९७२चा, ४० मिलिमीटर एफ १.७ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेडाचं भोक मोठं), हाताने सगळं लावता येतं, बॅटरी नसली तरी शटर चालतं. घे म्हटलं असतं. पण सगळे दहा हजार त्यात घालून तू फिल्म कशाने घेणार? म्हैस घेतली आणि पेंडीला पैसे नाहीत, असं होईल. माझा रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन धरून हजार-बाराशेच्या खाली येत नाही. पहिले चार-पाच रोल तर चुकण्यातच जातात आणि ते गेलेच पाहिजेत. म्हणून कॅमेऱ्याला सहा हजारांच्या वर एक रुपया नाही. उरलेले चार बाजूला, आणि त्यांना हात लावायचा नाही.

तिसरा, इलेक्ट्रो. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त मला हाच भेटतो. लेन्स ४५ मिलिमीटर एफ १.७, फोटो असे येतात की लोक विचारतात कशावर काढला. पण तुझं पत्र पुन्हा वाच : ‘एक्स्पोजर स्वतःच्या हाताने’. इलेक्ट्रोत तू फक्त ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेडाचं भोक, लावतोस; शटर स्पीड तो ठरवतो आणि तुला सांगतही नाही. वरचा पिवळा दिवा लागला की स्पीड मंद आहे, हात हलेल. लाल लागला की उजेड जास्त आहे. बाकी सगळं त्याच्या मनात. बॅटरी काढली तर एक-पाचशे (सेकंदाचा पाचशेवा भाग) या एकाच स्पीडवर चालतो. त्याची मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. सहा व्होल्टची छोटी बॅटरी, कागदाची गुंडाळी आणि पोकळी भरायला एक स्प्रिंग, असा जुगाड करावा लागतो. तो उत्तम चालतो. म्हणजे कॅमेरा वाईट नाही, तुझ्यासाठी नाही. तुझ्या बहिणीने विचारलं असतं आणि तिला नुसते छान फोटो हवे असते, तर तिला हाच सांगितला असता.

(इलेक्ट्रोची एक खोड सांगते, माझ्या वाट्याला आलेली. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी डोळ्याला सगळं लख्ख दिसतं. इलेक्ट्रोचा मीटरचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राचा, डोळाही लेन्सपाशी नाही, वर खिडकीशेजारी आहे, म्हणून तोही काही बोलत नाही. एका आषाढात दिवेघाट चढताना मी ३६ फोटो काढले. धुऊन आला तो रोल काचेसारखा स्वच्छ, एकही फोटो नाही. कॅननेटचा डोळा लेन्सच्या कड्यातच आहे. झाकण असेल तर ऑटोवर त्याचं बटणच दाबलं जात नाही.)

मग घ्यायचा कोणता? तिघांपैकी एकही नाही. ज्यांची नावं कुणी मिरवत नाही असे शोध. मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस, कोनिका ऑटो एस२, याशिका मिनिस्टर. सगळे साठच्या दशकातले, वीट उचलल्यासारखे जड, दिसायला थोराड. पण ॲपर्चर हाताने, शटर स्पीड हाताने, आणि शटरला बॅटरीशी देणंघेणं नाही. छोटा हवा असेल तर १९७०चा ऑलिंपस ३५ आरसी; तो सहा हजारांत मिळाला तर मला कळव, मीही येते.

आणि आता खरं सांगायचं ते. जाहिरातीत ‘मीटर बंद आहे’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे जाऊ नकोस, तिथेच थांब. या एका वाक्याने भाव पडतो, आणि तुला तर मीटर नकोच आहे. फोनवर फुकटचं लाइटमीटर ॲप असतं. त्याहून सोपं म्हणजे ऊन : भर उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या आयएसओएवढा (फिल्म किती उजेडाला दाद देते त्याचा डब्यावरचा आकडा) शटर स्पीड. म्हणजे ४००ची फिल्म असेल तर एक-चारशेच्या जवळचा एक-पाचशे, एफ १६. झाडाच्या नाही, पण इमारतीच्या मोकळ्या सावलीत गेलास की चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उघड, एफ ४. नांदेडात ऊन कमी पडणार नाही. बाबांचा मिरजेला स्टुडिओ होता. बाहेरच्या लग्नाला जाताना ते मीटर नेतच नसत. मांडवाच्या दारात उभं राहून स्वतःच्या तळहाताकडे एकदा बघायचे आणि आकडा लावायचे. मला ते जादू वाटायचं. नंतर मीही दोन उन्हाळे दर फोटोचा आकडा वहीत लिहिला, तेव्हा जमलं.

मीटर मेलेला चालेल. शटर मेलेलं चालणार नाही. कॅमेरा हातात घेऊनच घे. पुण्याला येणं झालं तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मार. मुंबईला गेलास तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. हातात आला की पाठीमागचं झाकण उघड, सगळ्यात मंद स्पीड लाव आणि लेन्समधून उजेडाकडे बघत बटण दाब. शटरच्या पाकळ्या झटकन उघडून, थोडं थांबून, झटकन मिटल्या पाहिजेत. यात मेख अशी, की तेल सुकून चिकटलेल्या पाकळ्या दहा-पंधरा वेळा बटण दाबलं की तात्पुरत्या सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा चिकटतात. विकणारा तुझ्याशी बोलता बोलता टिकटिक करत असेल तर त्याला थांबव. चहा घेऊन ये. परत आल्यावरचा पहिला क्लिक तुझ्या समोरचा असू दे.

मग खिडकीतला पिवळा ठिपका. रेंजफाइंडरचा जीव तो. पुढच्या दोन खिडक्यांतून आलेली दोन चित्रं त्या ठिपक्यात एकावर एक दिसतात. लेन्सचं कडं फिरवलं की ती सरकतात आणि एकजीव झाली की फोकस लागला. लेन्स अनंतावर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) ठेव आणि लांबची पाण्याची टाकी बघ, रात्र असेल तर चंद्र. टाक्या दोन दिसल्या तर जुळणी बिघडलीय. आडवी सरकलेली सहसा सहज बसते. वर-खाली सरकलेली माझा जीव खाते, ती मी घेत नाही. ठिपका फिका पडलेला बहुतेकांत असतो. समोरच्या मोठ्या खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा तांदळाएवढा तुकडा लावून बघ, तेवढाच उठून दिसतो.

मागच्या झाकणाच्या खाचेत बोट फिरव. काळं, डांबरासारखं चिकट काही लागलं तर घाबरू नकोस, उलट दीडशे-दोनशे कमी करून घे. ते उजेड अडवणारं फोम आहे, पन्नास वर्षांत त्याचं एवढंच होतं. दात कोरायच्या काडीला स्पिरिट लावून खरवडायचं आणि खाचेत काळी लोकर बसवायची. माझ्या हाय-मॅटिकमध्ये आईच्या स्वेटरची उरलेली लोकर आहे, आठ वर्षं झाली, उजेड शिरलेला नाही.

पुढेमागे मीटर जिवंत असलेला मिळाला तर एवढं ध्यानात ठेव : यातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. आजचा दीड व्होल्टचा सेल टाकलास तर मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, तो चालतो. बारीक असल्याने भोवती रबराचं कडं लागतं. वरचा स्टिकर काढला की त्याचं आयुष्य सुरू होतं आणि काही आठवड्यांत संपतं, वापर किंवा वापरू नकोस.

फिल्म कृष्णधवल घे. केंटमियर ४०० स्वस्तात पडते. दोन रोल बाहेर धुऊन घे, मग फिल्म धुवायची टाकी आणि अंधारात ती टाकीत भरायची काळी पिशवी घेऊन घरी धुवायला लाग. डेव्हलपरला (फिल्म धुवायच्या रसायनाला) २० अंश लागतात. तुमच्याकडे मे महिन्यात नळाला चहाच येतो. माठाचं पाणी आणि बर्फाचे दोन खडे, असं मी करते.

आणि हो, रेंजफाइंडरने फुलाचा किंवा मुंगीचा फोटो निघत नाही. पाऊण-एक मीटरच्या आत तो फोकसच करत नाही, आणि जवळ गेलं की खिडकीतलं चित्र आणि लेन्समधलं चित्र यांत फरक पडतो. डोकी कापली जातात. कीर्तनात, वाचनालयात, एसटीत मात्र त्याच्या शटरचा आवाज शेजाऱ्यालाही जात नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या कपाटात चामडी कव्हरमधला जुना कॅमेरा सापडला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. फडक्याने पुसून जात नाही. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती बुरशी आहे, काचेच्या आतल्या बाजूला. बाहेरून कितीही पुसलंत तरी जाणार नाही, आणि स्वतः उघडू नका. जाळं कडेला, बारीक असेल तर फोटोत फारसं जाणवत नाही. मधोमध असेल तर चित्र धुरकट येतं. चांगला कारागीर लेन्स उघडून साफ करतो, पण बुरशीने काचेवरचा थर खाल्ला असेल तर त्याचा डाग राहतो. ते चामडी कव्हर आधी कॅमेऱ्यापासून दूर करा, कोकणातल्या पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा, सासऱ्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न : मुदत संपलेले रंगीत रोल निम्म्या भावात मिळतायत. नव्या (म्हणजे जुन्या!) कॅमेऱ्याची चाचणी त्यांच्यावर घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. फोटो फिका आला तर दोष रोलचा की शटरचा, हे तुम्हाला कळणारच नाही. चाचणीचा रोल ताजा हवा. नंतर हौस म्हणून जुने वापरा. मुदत संपून दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड द्या, आणि घरातलं बारसं त्यांच्यावर काढू नका.