अमेरिकेतली फार्मव्हिलची मोटन शाळा कशामुळे प्रसिद्ध आहे? ती बंद का पडली?

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड या शेतीप्रधान काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ साली बांधलेलं हे वेगळं हायस्कूल. इमारत १८० मुलांची, पण १९५१ पर्यंत पट साडेचारशेच्या वर गेला. मग आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. छत गळायचं. शेगडीजवळची मुलं भाजून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडत बसायची. गोऱ्या मुलांच्या शाळेत व्यायामशाळा होती, कॅन्टीन होतं. इथे दोन्ही नाही.

२३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्या मुलांना सभागृहात जमवून संप पुकारला. सोळाव्या वर्षी! त्यातून उभा राहिलेला खटला पुढे वर्णविभाजनाविरुद्धच्या प्रसिद्ध ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं.

बंद पडण्याचं म्हणाल, तर खरा घाव १९५९ चा. एकत्र शिकवण्यापेक्षा काउंटीने सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं, तेही पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली, अनेकांचं शिक्षण कायमचं सुटलं. मला या इतिहासातलं सर्वांत क्रूर पान हेच वाटतं. १९६४ ला न्यायालयाच्या आदेशाने शाळा उघडल्या.

मोटनच्या जुन्या इमारतीत पुढे प्राथमिक वर्ग भरत होते. ते १९९५ ला बंद झाले. २००१ पासून तिथे संग्रहालय आहे.