शिबिरासाठी पैसा उभा करणाऱ्या नव्या स्काउट मास्तरास

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

पथक हाती घेतलंस, थंडीत तीन दिवसांचं निवासी शिबिर करायचं ठरवलंस, आणि आता पैशासाठी कोणाकडे जाऊ म्हणून विचारतोस. ते नंतर पाहू. आधी किती हवे आणि कशाला हवे, हे कागदावर आलं पाहिजे. "शिबिराला मदत करा" म्हटलं की दुकानदार शंभराची नोट देऊन मोकळा होतो. "आठ पोरांना झोपायला १८ बाय १२ फुटांची एक ताडपत्री हवी आहे" म्हटलं की तो क्षणभर थांबतो, भाव विचारतो, आणि पुष्कळदा ताडपत्रीच देतो.

हिशेब असा मांड. आठ-आठ जणांचे चार संघ म्हणजे ३२ मुलं, वर चार मोठी माणसं. ३६ जणांचे तीन दिवस, म्हणजे १०८ वेळा एका माणसाचं दिवसभराचं जेवण. माणशी रोज दीडशे ग्रॅम तांदूळ, दोनशे ग्रॅम कणीक, सत्तर ग्रॅम डाळ आणि पाव किलो भाजी धर. एकूण सोळा-सतरा किलो तांदूळ, बावीस किलो कणीक, साडेसात किलो डाळ, सत्तावीस किलो भाजी लागेल. तेल चार लिटर पुरतं. माणशी रोजचे १२० रुपये धरले तर जेवणाचे १२,९६० होतात. गाडीचे ६,०००, सरपण आणि गॅसचे १,५००, दोरखंड, औषधपेटी, कागद यांचे २,०००. बेरीज २२,४६०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे घाल, म्हणजे साधारण २४,७००. दर मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तू आपल्या बाजारातले घाल. दहा टक्के मात्र गाळू नकोस. गाडी उशिरा येते, दूध नासतं, एखाद्या मुलाला रात्री दवाखान्यात न्यावं लागतं. तेव्हा तेच पैसे कामी येतात.

आता शुल्क. सगळ्यांना साडेचारशे लावले तर ३२ मुलांचे १४,४०० जमतात. पण सगळे देणार नाहीत, आणि द्यायलाही लावू नयेत. सहा मुलं अशी असतील की शुल्काचा आकडा ऐकून घरी सांगतील, "मला नाही जायचं." त्यांना जायचं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी सहा जागा बिनशुल्क धर. उरलेल्या २६ जणांचे ११,७०० येतील, तूट १३,०००. तुला उभे करायचे आहेत ते हे तेरा हजार. इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर १९०७ साली स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही शुल्क दोन होते: बड्या शाळांतल्या मुलांना एक पौंड आणि बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. स्काउटिंगमध्ये ही सवलत पहिल्या शिबिरापासूनची आहे, त्यामुळे ती देताना उपकार केल्याचा सूर लावू नकोस. कोणाचं शुल्क माफ झालं हे तू आणि मुख्याध्यापक, दोघांनाच ठाऊक असावं. संघनायकालाही नको. वर्गात नावं वाचून दाखवली की पुढच्या वर्षी ती मुलं गणवेशच घालत नाहीत.

मागायची वेळ पिकावर ठरव. जून-जुलैत पथकाची नोंदणी चालू असते म्हणून त्याच वेळी शिबिराचे पैसेही मागितले जातात, आणि नेमका तेव्हा कास्तकार बियाणं-खतासाठी उसनवारी करत असतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं जातं, कापसाचा चुकारा, म्हणजे विकल्या मालाचा पैसा, त्यानंतर येऊ लागतो, भंडारा-गोंदियाकडे धान निघतं. शिबिर जानेवारीत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर हेच मागण्याचे महिने. आणि रोख मागण्याआधी घरात आहे ते माग. धानपट्ट्यात सतरा किलो तांदूळ चार घरांतून सहज निघतो. वऱ्हाडात मागच्या हंगामाची तूरडाळ घरोघरी असते. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराची संत्री तेव्हा उतरत असतात. आलेलं धान्य माणसासमोर तोलून घे, पावतीवर वजन लिही, किडलं असेल तर तिथेच नम्रपणे परत कर. "असू दे" म्हणून घेतलेली किडकी डाळ शिबिरात ३६ जणांना त्रास देते.

मुलांची खरी कमाई मात्र मागण्याच्या आधी झाली पाहिजे. देणाऱ्याला "आम्ही अडीच हजार कमावले, एवढे कमी पडतात" असं सांगता आलं तर बोलणंच बदलतं. आलूबोंड्याचा स्टॉल सगळेच लावतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. शंभर बोंड्यांना चार किलो आलू, सव्वा किलो बेसन, लिटर-सव्वा लिटर तेल, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, गॅस, कागद. समज, खर्च सहाशे आला. दहा रुपयांनी विकून हजार आले, तर कमाई चारशे झाली. पण आलू घरून, तेल आईनं दिलेलं, म्हणून मुलं हजारच कमाई लिहितात. घरून आलेलं सामानही बाजारभावानं खर्चात धरायला लाव. दर तासाला पेटी मोजून वहीत आकडा टाकायचं काम एकाच मुलाकडे दे. तो विक्रीला उभा राहणार नाही.

स्टॉलपेक्षा मला वाहनतळ जास्त पसंत आहे. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, यात्रा असो, गाड्या कुठेही उभ्या असतात. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घे, बांबू आणि दोरीनं जागा आखून घे. मुलांना गाठी-बांधणीचा सरावही होतो. एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले कर, एक गाडीला, एक मालकाला. बिल्ला हरवला तर गाडीचे कागद पाहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मुलं जोडीनं, गणवेशात, आणि दिवस मावळायच्या आत घरी. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना रात्रभर गर्दी असते, तिथला मोह होईल. तिथे फक्त अठरा वर्षांवरचे रोव्हर, म्हणजे स्काउटिंगमधले तरुण, ने. डबा हलवत बाजारात मुलांना फिरवायचं नाही. त्यात मुलांची मान खाली जाते आणि पैशाचा हिशेबही राहत नाही.

७ नोव्हेंबरच्या स्काउट-गाइड ध्वजदिनाचा निधी वेगळा ठेव. त्याचा भरणा जिल्हा कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे व्हायचा असतो. शिबिराच्या पेटीत तो मिसळला की वर्षअखेरीला दोन्ही हिशेब अडकतात.

मोठ्या कंपन्यांबद्दल विचारलंस. चंद्रपूर-वणीकडे कोळसा आहे, सिमेंट आहे, आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण तो पैसा शाळेच्या पथकाला थेट मिळेल असं धरू नकोस. १ एप्रिल २०२१ पासून असं काम राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही सरकारदरबारची नोंदणी लागते (कंपन्यांच्या या सामाजिक खर्चालाच सीएसआर म्हणतात), म्हणून अर्ज जिल्हा किंवा राज्य संस्थेमार्फतच जाऊ दे. आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये धावू नकोस, पावसाळ्यातच अर्ज दे. आणि त्यात तीन दिवसांच्या जेवणाचे पैसे मागू नकोस. शिबिराच्या मैदानावर मुलींसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह, टाकी आणि सामानाची खोली माग. गाइडच्या मुलींना आई-बाप पाठवत नाहीत, त्याचं मोठं कारण बरेचदा तिथलं स्वच्छतागृहच असतं.

पैसे तुझ्या फोनच्या नंबरवर घ्यायचे नाहीत, कितीही सोपं वाटलं तरी. मुख्याध्यापक आणि तू, दोघांच्या सहीचं खातं आणि त्याच खात्याचा क्यूआर. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक हवेत, रद्द झालेली पावतीही फाडायची नाही. आचारसंहिता लागली असेल तर उमेदवाराची टोपी, टी-शर्ट, काहीही घेऊ नकोस. शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत जमा-खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव. उरलेले पाचशे असले तरी ते त्यात दिसले पाहिजेत.

आणि मिळालेलं जप. ताडपत्री दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय घडी करू नकोस. जमिनीवर ठेवलीस तर उंदीर कुरतडतात, दोरखंडांना वाळवी लागते. आड्याला बांबू बांधून त्यावर टांग. प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव आणि वर्ष रंगानं लिही. पुढच्या वर्षी त्याच दुकानासमोरून ती नेशील तेव्हा त्याला दिसेल.

तुझ्या गावात यंदा काय पिकलं आणि चुकारे कधी होणार, ते कळव. त्यावरून मागणीची यादी लावू.

तुझा,
एक जुना स्काउटर